वस्तीत काम करायचं की वस्तीचा अभ्यास करायचा?

प्रश्न: नागपुरात आमची छोटी संस्था आहे. उत्तर नागपुरातल्या दोन वस्त्यांमध्ये बचतगट आणि मुलांची अभ्यासिका चालवतो. नवं काही करून पाहायचं म्हटलं की देणगीदार आधी अभ्यास मागतात. आमच्या कार्यकर्त्या म्हणतात, "आम्ही रोज वस्तीतच असतो, आम्हाला काय माहीत नाही?" समाजशास्त्रातलं संशोधन नव्या सामाजिक उपक्रमाला खरंच काही देतं का, की अहवाल कपाटात ठेवण्याचा तो एक सोपस्कार आहे?

उत्तर: तुमच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. रोज वस्तीत असणाऱ्या बाईला जे दिसतं ते विद्यापीठातून प्रश्नावली घेऊन आलेल्या माणसाला दिसत नाही. पण रोज पाहण्यात एक अडचणही असते. प्रश्न कसा मांडायचा हे आपण कधीच ठरवून बसलेलो असतो. बाया हप्ते थकवतात, मुलं शाळा सोडतात, लोक दवाखान्यात येत नाहीत. या वाक्यांमध्ये दोष कोणाचा ते आधीच ठरलेलं आहे, त्यामुळे उपायही ठरलेला असतो: समजावून सांगा, शिबिर घ्या, पत्रकं वाटा. माझ्या अनुभवात संशोधनाचं सगळ्यात मोलाचं काम असं की ते हा आयता प्रश्न मोडतं आणि दुसरा, जास्त खरा प्रश्न हाती देतं. नवा उपक्रम त्या दुसऱ्या प्रश्नातून निघतो.

बचतगटाचंच उदाहरण घेतो, कारण ते तुमच्या कामातलं आहे. नागपुरातल्याच एका वस्तीतल्या गटांचे हप्ते कायम उशिरा येत. कर्ज देणाऱ्या संस्थेचं निदान होतं की बायकांना हिशेब कळत नाही. मग प्रशिक्षण झालं, फळ्यावर व्याज मोजून दाखवलं गेलं. हप्ते उशिरा येतच राहिले. तेव्हा आम्ही काही घरांमध्ये पैशाची वही सुरू केली. कार्यकर्ती आठवड्यातून एकदा जायची आणि त्या आठवड्यात पैसा कुठून आला, कुठे गेला, कोणाकडून घेतला, कोणाला परत केला, एवढंच लिहायची. "तुमचं उत्पन्न किती?" हा प्रश्न एकदाही विचारायचा नाही, असं पक्कं ठरवलं होतं, कारण त्याचं उत्तर रेशनकार्डाकडे बघून मिळतं.

पावसाळा संपेपर्यंत वह्यांमधून एक गोष्ट स्वच्छ दिसायला लागली. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार एका दिवशी येतच नाही. एक घर १ तारखेला देतं, दुसरं ७ तारखेला, तिसऱ्या घरची मंडळी गावाला गेली असतील तर १२ तारीख उजाडते. नवरा सकाळी मजुरांच्या ठिय्यावर उभा राहतो. पावसात बांधकामं थांबली की त्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस काम मिळालं तरी नशीब. हप्त्याची तारीख मात्र ५, कारण वसुलीला येणाऱ्या माणसाच्या फेरीत या वस्तीचा दिवस तोच होता. ५ तारीख साधायला बाई शेजारणीकडून उसने घ्यायची किंवा भिशी तोट्यात उचलायची, आणि पगार हातात आला की ते फेडायची. हिशेबात ती चोख होती. तीन ठिकाणची देणी तारखेवार तोंडपाठ ठेवून पैसा फिरवणाऱ्या बाईला आपण व्याजाचं गणित शिकवत होतो.

यातून निघालेला बदल अगदी साधा होता. हप्त्याची तारीख १५ झाली, आषाढ-श्रावणात हप्ता अर्धा आणि दिवाळीनंतर वाढीव, असं गटानंच बसवलं. उशीर कमी झाला, उसनवारीही कमी झाली. याला कोणी सामाजिक नवोपक्रम म्हणेल का? मी म्हणतो. ॲप, यंत्र, मोठी योजना असलं काही असेल तरच ते नवं, असं मानण्याचं कारण नाही. लोकांची गरज आधीपेक्षा चांगली भागते आणि त्यात त्यांचा शब्द चालायला लागतो, एवढं झालं की पुरे.

हेच मोठ्या पटावर पाहायचं तर नागपूरहून पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीकडे पाहा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढंच धरलं जायचं. त्या एका अभ्यासानं चर्चेची हद्दच बदलली.

नवजात बाळांचं काम तर मी विद्यार्थ्यांना सविस्तर सांगतो. सरधोपट प्रश्न होता, "आजारी बाळाला लोक दवाखान्यात का आणत नाहीत?" त्याचं सरधोपट उत्तर, अज्ञान. पण घरोघरी पाहिलं की वेगळं चित्र दिसतं. बाळंतपण घरी होतं, ओली बाळंतीण आणि बाळ खोलीबाहेर पडत नाहीत, वाहन नाही, मजुरी बुडते, आणि पहिल्या महिन्यातलं बाळ इतकं नाजूक की आजार कळेपर्यंत वेळ निघून जाते. मग प्रश्न उलटा झाला: बाळ दवाखान्यापर्यंत येत नसेल तर उपचार बाळापर्यंत कोण नेईल? गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं हे त्या शिकल्या. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी धरली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि १९९९ साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशा ताई बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. तुमच्या वस्तीतली आशा जेव्हा वजनाचा झोळणा घेऊन येते, तेव्हा तिच्या त्या फेरीमागे गडचिरोलीतलं हे संशोधन आहे.

यात वैद्यकशास्त्र किती आणि समाजशास्त्र किती, असं कोणी विचारतं. प्रतिजैविकाची मात्रा वैद्यकशास्त्रानं दिली. ती देणारा हात कोणाचा असावा, तो घरात कसा शिरेल, सासूचा विश्वास कसा मिळेल, हे समाज वाचल्याशिवाय कळत नाही. सर्चचं रुग्णालय गोंड पाड्यासारखं झोपड्यांचं उभारलं, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल असं ठेवलं आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं, तेही लोकांचं ऐकूनच.

तुम्ही उत्तर नागपुरात, आंबेडकरी चळवळ रुजलेल्या भागात काम करता, तेव्हा आणखी एक उदाहरण तुमच्या कार्यकर्त्यांना जवळचं वाटेल. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तेव्हाची जाणकार मंडळी म्हणत होती की जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती गरीब आहे, तुकडे एकत्र करा. बाबासाहेबांनी आकडे तपासून दाखवलं की जमिनीचा आकार एकटा काही सांगत नाही, अवजारं आणि भांडवल किती आहे त्यावर तो मोठा की लहान हे ठरतं. खरा पेच असा की गरजेपेक्षा फार माणसं शेतीवर पोसली जाताहेत, म्हणून त्यांना काम देणारे उद्योग उभे करा. शंभरहून जास्त वर्षांनी विदर्भातल्या कोरडवाहू शेतीबद्दल बोलताना हा युक्तिवाद तितकाच लागू पडतो. बाबासाहेबांना आपण संविधानकार म्हणून वंदन करतो. त्यांची संशोधकाची शिस्तही संस्थांमध्ये शिकवली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आता संशोधनाच्या दुसऱ्या उपयोगाकडे येतो. तो कार्यकर्त्यांना आवडत नाही, कारण तिथे संशोधन "नाही" म्हणतं. निर्धूर चूल आठवते? प्रयोगशाळेत तिचे निकाल उत्तम होते. ओडिशातल्या गावांमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी अशा सुधारित चुलींचा चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फरक उरला नाही. चूल नियमित वापरली गेली नाही, तिची दुरुस्ती-देखभाल झाली नाही. चूल वाटून झाल्यावर महिन्याभरात फोटो काढून अहवाल पाठवला असता, तर ती यशोगाथाच ठरली असती. दुसरं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचं. लोकांना शाळेची माहिती दिली, शिक्षण समितीचे अधिकार समजावले, गावानंच मुलांचं वाचन तपासावं म्हणून साधनं दिली, तर गाव शाळेकडे लक्ष देईल अशी आशा होती. तुलनात्मक अभ्यासात दिसलं की सरकारी शाळेत काही हललं नाही. पण जिथे गावातल्याच तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवलं, तिथे त्या वर्गांना जाणारी मुलं वाचायला लागली. तुमच्या अभ्यासिकेला हे थेट लागू आहे. पालकसभेवर जेवढी शक्ती जाते तिच्यातली अर्धी दहावी-बारावी झालेल्या मुलींना वाचनवर्ग घ्यायला तयार करण्यात घाला.

"आमचं काम चांगलं आहे हे आम्हाला माहीत आहे, मोजायचं कशाला?" असं म्हणणाऱ्या संस्था मला भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. पण काम चांगलं असणं आणि कामाचा उपयोग होणं यांतला फरक आतून कळत नाही, आणि दरम्यान वस्तीतल्या बायकांचा वेळ जात असतो. तो वेळ आपला नाही.

मग अभ्यास करायचा कोणी? इथे मेंढा-लेखा या गावाकडून शिकण्यासारखं खूप आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावानं दोन व्यवस्था वेगळ्या ठेवल्या. निर्णय घ्यायला ग्रामसभा, तोही सर्वसहमतीनं. आणि विचार करायला अभ्यास गट. अभ्यास गटात बाहेरचे जाणकार येतात, कायदा वाचला जातो, जंगलाची मोजदाद होते, वाद होतात, पण तिथे काही ठरत नाही. ठरतं ते ग्रामसभेत. वनहक्क कायदा २००६ साली आला तेव्हा हे गाव तयारीनिशी उभं होतं. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याची वाट मोकळी झाली. माझ्या पाहण्यातली संशोधन आणि नवनिर्मितीची ही सगळ्यात सुंदर जोडणी आहे, कारण इथे अभ्यास करणारे आणि त्याचा परिणाम भोगणारे एकच आहेत. बाहेरच्या जाणकाराला बोलायचा हक्क आहे, ठरवायचा नाही. तुमच्या वस्तीतही महिन्यातून एक बैठक अशी ठेवा की जिच्यात काही ठरवायचं नाही, वह्या उघडून फक्त समजून घ्यायचं.

आकड्यांचा आणखी एक उपयोग वाटाघाटीत होतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या पाठीशी एसएनडीटी विद्यापीठातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या प्राध्यापिका होत्या. कचरा वेचणाऱ्या बायका शहराचा किती कचरा उचलतात, त्यातून महापालिकेचा किती खर्च वाचतो, याचा पद्धतशीर हिशेब मांडला गेला. त्यामुळे बोलणीच बदलली. दया दाखवा असं म्हणायची गरज उरली नाही, "आम्ही शहराची सेवा करतो, तिचं मोल द्या" असं सांगता आलं. ओळखपत्रं मिळाली, पुढे विमा आला, आणि 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. नागपुरात असं काही करायचं म्हणून पुण्याचा आराखडा उचलून आणू नका. इथे कबाड्याची दुकानं कुठे आहेत, वेचणाऱ्या बायका पहाटे किती वाजता निघतात, भांडेवाडीच्या कचरा डेपोपर्यंत माल कसा जातो, कबाडी उचल देऊन त्यांना कसं बांधून ठेवतो, हे आधी कळायला हवं. उपक्रम एका शहरातून दुसऱ्यात नेताना पद्धत नेता येते, वेळापत्रक आणि नातेसंबंध नेता येत नाहीत.

संशोधन झालं की सगळं सुरळीत होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर २००५ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं आणि २००६ च्या सुरुवातीला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेनं सविस्तर अभ्यास दिले. दुसऱ्या अभ्यासात आत्महत्या झालेली घरं आणि तशाच परिस्थितीतली इतर घरं शेजारी ठेवून पाहिली होती. कर्ज, कोरडवाहू कापूस, भावाची अनिश्चितता, आजारपण, घरातले ताण असं सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. त्याच वर्षी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं केंद्राचं पॅकेज आलं. त्यात दुधाळ जनावरं वाटायची योजनाही होती. चारा-पाण्याची सोय नसलेल्या घरात गाय म्हणजे आणखी एक तोंड. अभ्यासांनी गुंता दाखवला होता, पण प्रशासनाला वाटता येतील अशा वस्तू हव्या होत्या. हे पाहताना फार त्रास होतो.

तरी त्याच प्रदेशात वेगळंही घडलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलत, पहिला आधार देत आणि गरज असेल त्याला समुपदेशक किंवा डॉक्टरपर्यंत पोचवत. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी कोणाची तरी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजलं होतं, म्हणून हे आज ठामपणे सांगता येतं.

सगळे नवे उपक्रम संशोधनातून जन्मतात असंही नाही. आपल्या नागपुरातच हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीनं फुटबॉल खेळणारी मुलं पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यासाठी कोणता अहवाल लागला नाही, लागली ती थांबून पाहणारी नजर. अशा कामात संशोधनाची गरज पुढे पडते: मुली मैदानावर किती येतात, कोणत्या वयाला येणं थांबवतात, आणि त्याचं कारण घर आहे, रस्ता आहे की कपडे बदलायला जागा नसणं.

आता तुमच्या हाताशी काय करता येईल ते सांगतो. पहिल्या महिन्यात नवी प्रश्नावली छापू नका. वस्तीत आधीच लिहिलेलं खूप असतं: गटाचं हिशेबाचं रजिस्टर, अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी, अभ्यासिकेची हजेरी. हजेरी महिन्यावार लावून पाहा. मुलं कोणत्या महिन्यात गळतात ते कळलं की निम्मा अभ्यास झाला. त्यानंतर वह्या ठेवायला पंधरा-वीस घरं निवडा. निवडताना फक्त गटातल्या, ओळखीच्या, चहा देणाऱ्या बायका घेऊ नका. गट सोडून गेलेली बाई, भाड्यानं राहणारं कुटुंब, जागेचा पट्टा न मिळालेलं घर, नाल्याकाठची शेवटची ओळ, हे त्यात असायलाच हवं. सर्वेक्षण दुपारी बाराला करू नका, त्या वेळी जी बाई घरी सापडते ती कामावर न जाणारी असते. आणि अडचणीत असलेल्या घरांइतकंच लक्ष निभावून नेणाऱ्या घरांकडे द्या. सारखीच कमाई असून एका घरातली मुलं दहावीपर्यंत टिकली आणि शेजारच्या घरातली नाही, तर पहिल्या घरानं काय वेगळं केलं? तुमचा पुढचा उपक्रम बहुधा तिथेच सापडेल.

लिहून नेलेलं परत आणून द्या, यावर मी अडून बसतो. "मागच्याही वर्षी लिहून नेलं, त्याचं काय झालं?" हा प्रश्न वस्तीत प्रत्येक संशोधकाला ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. समाजमंदिरात बायकांसमोर निष्कर्ष मांडा, नावं काढून, सोप्या मराठीत. त्या दुरुस्त्या सुचवतील. त्या दुरुस्त्यांसह जो तयार होईल तोच अहवाल देणगीदाराला पाठवा, दुसरा करू नका.

राहिला देणगीदार. तीन वर्षांच्या प्रकल्पात तिसऱ्या वर्षी परिणाम दाखवा, असं ते म्हणतील. त्यांना कालमान दाखवा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगलीच्या तासगाव तालुक्यात विसापूरला जो रोजगार हमीचा छोटा प्रयोग केला, तो १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरला, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. गडचिरोलीचं बाळांचं काम १९९३ मध्ये सुरू होऊन राष्ट्रीय कार्यक्रमात यायला २०११ उजाडलं. म्हणून प्रस्तावात अभ्यासाचा खर्च 'मूल्यमापन' या नावाखाली शेवटच्या वर्षात टाकू नका. दरवर्षी एक ओळ लिहा: वह्या ठेवणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन, आणि समाजमंदिरातल्या बैठकीचा खर्च. वह्या भरणाऱ्या कार्यकर्तीला आठवड्यातला एक दिवस त्याच कामासाठी मोकळा द्या. शहरात समाजकार्य महाविद्यालयं आहेत, त्यांचे विद्यार्थी क्षेत्रकार्याला येतातच. नोंदी एकत्र करायला त्यांची मदत घ्या, पण वही मात्र वस्तीतलीच बाई लिहील असं बघा. सुरुवात जूनमध्ये केलीत तर फी, पाऊस आणि दिवाळी हे तिन्ही एका वहीत येतील.